कर्करोगाच्या मृत्यूंची कारणे शोधण्याचे पहिले प्रयत्न : १९५० च्या आधी काय घडले होते?

ऋतुगंधा

नमस्कार. मी पदव्युत्तर वर्गाला आरोग्य-सांख्यिकी शिकवते. रोगाच्या कारणांचा शोध कसा घेतला जातो हे शिकवताना आमची पाठ्यपुस्तके लंडनमधील कॉलऱ्याची साथ आणि जॉन स्नो यांच्यापासून सुरुवात करतात, आणि कर्करोगाकडे वळताना एकदम १९५० सालच्या डॉल आणि हिल यांच्या, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यावरील लंडनमधील अभ्यासापाशी येऊन पोहोचतात. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांबद्दल विद्यार्थ्यांनी विचारले, तर मला समाधानकारक उत्तर देता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली, विल्यम फार यांनी मृत्यूच्या कारणांच्या वर्गीकरणाला शिस्त लावली, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचा दर सतत चढता राहिला, एवढे मी वाचले आहे. माझ्या शंका त्यापुढच्या आहेत. ही वाढ खरी होती की केवळ निदान सुधारल्यामुळे दिसू लागली होती, हे त्या काळच्या अभ्यासकांनी कसे तपासले? मृतांच्या नोंदींवरून थेट कारणापर्यंत जाण्याचा मार्ग कोणी आणि कसा शोधला? आणि या साऱ्या काळात आपल्याकडे, विशेषतः मुंबईत, असे काही काम झाले होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अनुबंध

ऋतुगंधाताई, पहिल्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण माझ्या मते त्या काळातील सर्वांत सुंदर युक्तिवाद तिथेच सापडतो.

१८९३ साली जॉर्ज किंग हे विमागणिती आणि आर्थर न्यूजहोम हे आरोग्य अधिकारी यांनी मिळून रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. कर्करोग वाढतो आहे ही भीती तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांतून आणि वृत्तपत्रांतूनही व्यक्त होत होती. या दोघांनी विचार असा केला की वाढ जर खरी असेल, तर ती शरीराच्या सर्वच भागांतील कर्करोगांत दिसली पाहिजे. परंतु ती केवळ डॉक्टरांची नजर आणि साधने सुधारल्यामुळे दिसत असेल, तर जे कर्करोग डोळ्यांना दिसतात किंवा हाताला लागतात, उदाहरणार्थ स्तनाचे किंवा जिभेचे, त्यांच्यात ती दिसणार नाही आणि पोटातील, यकृतातील म्हणजे आत दडलेल्या कर्करोगांतच दिसेल. इंग्लंडच्या नोंदींतून शरीराच्या भागांनुसार असा निवाडा करता येत नव्हता. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात मात्र कर्करोगाचे मृत्यू अवयवानुसार नोंदले जात होते. ते आकडे पाहिल्यावर बाहेरून कळणाऱ्या कर्करोगांचा दर जवळपास स्थिर असल्याचे आणि जवळजवळ सगळी वाढ आतल्या अवयवांची असल्याचे त्यांना आढळले. म्हणून ही वाढ खरी नसून निदानातील आणि प्रमाणपत्रांतील सुधारणेमुळे दिसणारी आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

हा निष्कर्ष सर्वांना पटला नाही आणि वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. तरीही नोंदीतील दोष हा आकडेवारीचा शेवट न मानता त्या दोषाचीच परीक्षा घेता येते, हे या निबंधाने दाखवून दिले, आणि विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये या रोगाने १९२२ साली ६१२ मृत्यू नोंदले गेले होते आणि १९४७ साली ९,२८७. क्ष-किरण तपासणी वाढली म्हणून आकडा वाढला, असे तेव्हाही पुष्कळ जाणत्या लोकांचे मत होते.

कारणाच्या शोधातील पहिला मोठा प्रयत्न नकाशांचा होता. आल्फ्रेड हॅविलंड यांनी १८५१ ते १८६० या दहा वर्षांतील मृत्यूंवरून इंग्लंडमधील नोंदणी-जिल्ह्यांचे रंगीत नकाशे तयार केले. पूर येणाऱ्या नद्यांच्या चिकणमातीच्या खोऱ्यांत स्त्रियांच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक आणि चुनखडीच्या उंच, कोरड्या प्रदेशांत ते कमी, असे त्यांचे प्रतिपादन होते. यातूनच पुढे काही विशिष्ट घरांतच कर्करोग मुक्काम करून असतो, ही समजूत बळावली. एकाच घरात तीन-चार मृत्यू झाल्याच्या हकिकती वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. इतक्या घरांमध्ये काही घरांत केवळ योगायोगानेच एकाहून अधिक मृत्यू होणार, मग ते किती होतील याचे गणित आधी मांडले पाहिजे, हे कार्ल पिअरसन यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर त्या हकिकतींमागचे वजन गेले. हॅविलंड यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, परंतु जिल्ह्याच्या सरासरीवरून व्यक्तीच्या रोगाचे कारण सांगता येत नाही, आणि खोऱ्यात कोण राहत होते, कोणत्या वयाचे होते, त्यांना डॉक्टर किती जवळ होता, या प्रश्नांना नकाशा उत्तर देत नाही.

सूक्ष्मदर्शी

अनुबंध यांनी नकाशांपासून सुरुवात केली आहे. व्यवसायावरून कारण शोधण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे, म्हणून थोडी भर घालतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग विशेष आढळतो आणि त्याचे मूळ लहानपणापासून अंगावर साचणाऱ्या काजळीत आहे, असे लिहिले. १८७९ साली हार्टिंग आणि हेसे यांनी सॅक्सनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांच्या मृत्यूमागे फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे दाखवले. तेथील हवेतील किरणोत्सर्ग हे कारण पुढे लक्षात आले. १८९५ साली रेन यांनी रंगांच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग नोंदवला.

या तिन्ही ठिकाणी आकडेवारीची फारशी गरज भासली नाही, कारण रोग इतका दुर्मीळ आणि धंदा इतका विशिष्ट होता की डोळस वैद्याला दोहोंचा संबंध सहज दिसला. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानावर डांबर पुनःपुन्हा लावून कर्करोग निर्माण केला, तेव्हा पॉट यांच्या निरीक्षणाला प्रयोगाचा आधार मिळाला. पण स्तनाचा किंवा जठराचा कर्करोग कोणत्याही धंद्यापुरता मर्यादित नसतो. अशा रोगांच्या बाबतीत ही पद्धत थिटी पडते.

वैशाख

सूक्ष्मदर्शी यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच मला पुढे जायचे आहे. सर्वत्र आढळणाऱ्या कर्करोगाचे कारण कसे शोधायचे, या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर एका स्त्रीने दिले आणि तिचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या म्हणजे जॅनेट लेन-क्लेपन.

त्यांच्याकडे येण्याआधी इटलीतील व्हेरोना शहराचा उल्लेख केला पाहिजे. तेथील शल्यविशारद डोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या मृत्यूनोंदी तपासून १८४२ साली असे मांडले की जोगिणींमध्ये (म्हणजे मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनींमध्ये) स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आणि विवाहितांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग अधिक दिसतो. जोगिणींमधील स्तनाच्या कर्करोगाकडे रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लक्ष वेधले होते. रिगोनी-स्टर्न यांचे वाक्य पुढे वाढवून जोगिणींना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतच नाही असे सर्रास सांगितले जाते, तेव्हा ऋतुगंधाताईंनी वर्गात हे जपून सांगावे. त्यांच्या नोंदींत गर्भाशय आणि गर्भाशयमुख वेगळे केलेलेच नव्हते. तरीही विवाह, अपत्ये आणि कर्करोग यांचा काही संबंध असावा, ही शंका तिथून पुढे कायम राहिली.

लेन-क्लेपन यांचा जन्म १८७७ चा. शरीरक्रियाशास्त्र आणि वैद्यक या दोन्हींत त्यांनी डॉक्टर पदवी मिळवली होती. १९१२ साली त्यांनी बर्लिनमधील तान्ह्या मुलांच्या वजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईच्या दुधावर वाढलेली आणि उकळलेल्या गाईच्या दुधावर वाढलेली मुले यांची त्यात तुलना होती. दिसणारा फरक दुधाचा आहे की कुटुंबाच्या परिस्थितीचा, हे पडताळण्यासाठी त्यांनी बापांच्या कमाईचाही विचार केला. आज ज्याला आपण गोंधळकारक घटक म्हणतो त्याची ही जाणीव त्या काळी विरळाच होती.

१९२३ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने कर्करोगासाठी विभागीय समिती नेमली. संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड तीत होते. (मेजर हे त्यांचे नावच आहे, लष्करी हुद्दा नव्हे.) या समितीसाठी लेन-क्लेपन यांनी जे काम केले, त्याचा स्तनाच्या कर्करोगाच्या पूर्वस्थितीवरील अहवाल १९२६ साली निघाला. लंडन आणि ग्लासगो येथील रुग्णालयांतील स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ५०० स्त्रिया आणि कर्करोग नसलेल्या, परंतु राहणीमान साधारण सारखे असलेल्या सुमारे ५०० स्त्रिया त्यांनी निवडल्या आणि दोन्ही गटांना एकाच ठरलेल्या प्रश्नावलीतील तेच प्रश्न विचारायला लावले. विवाहाचे वय, अपत्यांची संख्या, अंगावर पाजल्याचा काळ, पाळी थांबण्याचे वय, पूर्वीचे आजार, सगळेच. कर्करोग झालेल्या स्त्रियांचे विवाह सरासरीने उशिरा झाले होते, त्यांना अपत्ये कमी होती आणि अंगावर पाजण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. विवाह उशिरा झाल्यावर मुले कमी होणारच, मग खरा संबंध कशाचा, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. म्हणून ग्रीनवुड यांनी विवाहाचे वय आणि वैवाहिक काळ जमेस धरून अपेक्षित अपत्यसंख्या काढली आणि तरीही कर्करोगाच्या गटातील अपत्यसंख्या कमीच राहते असे दाखवले. आज जगभर मान्य असलेले स्तनाच्या कर्करोगाचे कितीतरी धोक्याचे घटक या एका सरकारी अहवालात आहेत.

ताईंच्या दुसऱ्या शंकेचे माझे उत्तर हेच आहे. मृतांच्या नोंदी कितीही काळजीपूर्वक मोजल्या, तरी त्या फक्त रोग झालेल्यांबद्दल बोलतात. धुराडी साफ करणाऱ्यांचा धंदा वेगळा म्हणून ठसठशीत दिसला. पण उशिरा लग्न झालेल्या किंवा कमी मुले असलेल्या स्त्रिया समाजात सर्वत्रच असतात, आणि रोग न झालेल्यांनाही तेच प्रश्न तितक्याच काटेकोरपणे विचारल्याशिवाय रुग्णांच्या उत्तरांना काही अर्थ येत नाही. १९२६ चा अहवाल या जाणिवेतून आखलेला आहे, आणि म्हणून त्याला आधुनिक केस-कंट्रोल अभ्यासाचा पहिला नमुना मानले जाते.

लेन-क्लेपन यांनी १९२९ साली विवाह केला आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत राहता येत नसे म्हणून वयाच्या पन्नाशीत त्यांचे संशोधन संपले. त्यांचे निधन १९६७ साली झाले. ज्या वयात अनुभव आणि अधिकार दोन्ही हाताशी आले होते, त्याच वयात हे घडले, आणि सार्वजनिक आरोग्याचे त्यात झालेले नुकसान मला फार मोठे वाटते.

नीरक्षीर

वैशाख यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तुलनेचा गटही रुग्णालयातूनच घेतला, तर ती तुलना निर्दोष राहत नाही. रुग्णालयात येणारा मनुष्य कोणत्या ना कोणत्या आजारानेच आलेला असतो, आणि त्या आजाराचे कारण तेच असू शकते ज्याचा आपण तपास करीत आहोत. डॉल आणि हिल यांच्या तुलनागटातही इतर आजारांचे रुग्ण होते, आणि त्यांतील काही आजारांचा तंबाखूशी संबंध असल्याचे पुढे सिद्ध झाले.

याशिवाय, लेन-क्लेपन आणि डॉल-हिल यांच्यामध्येही पोकळी नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील हर्बर्ट लोंबार्ड यांनी कार्ल डोरिंग यांच्यासह १९२८ साली २१७ कर्करोगी आणि २१७ इतर व्यक्ती यांच्या सवयींची तुलना प्रसिद्ध केली आणि अतिधूम्रपानाचा संबंध त्यात दिसला होता. १९३९ साली जर्मनीत फ्रान्झ म्युलर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८६ पुरुष आणि तितकेच निरोगी पुरुष यांची तुलना केली, आणि मृतांची माहिती त्यांच्या नातेवाइकांकडून प्रश्नावलीने मिळवली. तेव्हा १९५० हा आरंभबिंदू नव्हे, हे ताईंचे म्हणणे रास्तच आहे.

वैशाख

नीरक्षीर, आपला आक्षेप मान्य आहे, पण त्याचा परिणाम कोणत्या दिशेने होतो हेही पाहावे. तुलनागटातील काही रुग्ण तंबाखूमुळेच आजारी पडलेले असतील, तर त्या गटात धूम्रपान करणारे प्रमाणाबाहेर अधिक येतील, दोन गटांतील फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल, आणि तरीही तो फरक स्पष्ट दिसला तर निष्कर्ष दुबळा न होता उलट बळकट होतो.

मला अधिक काळजी मुलाखतकाराच्या पूर्वग्रहाची वाटते, कारण रुग्णाला फुप्फुसाचा कर्करोग आहे हे ठाऊक असणारी व्यक्ती धूम्रपानाबद्दल जरा जास्तच खोदून विचारण्याची शक्यता असते. डॉल आणि हिल यांनी याची जी परीक्षा घेतली ती वर्गात अवश्य सांगावी. मुलाखतीच्या वेळी ज्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे मानले गेले होते, परंतु पुढे जे निदान चुकीचे ठरले, अशा रुग्णांच्या सवयी त्यांनी वेगळ्या काढून पाहिल्या. त्या खऱ्या कर्करोग्यांसारख्या न निघता तुलनागटासारख्या निघाल्या. म्हणजे फरक मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून आलेला नव्हता.

दोन्ही अभ्यासांना जोडणारा एक धागाही आहे. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमध्ये त्याच मेजर ग्रीनवुड यांच्या हाताखाली तयार झाले होते आणि त्यांच्यानंतर त्या अध्यासनावर आले होते.

ऋतुगंधा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फ्रांकफुर्टचा युक्तिवाद आणि १९२६ चा अहवाल, दोन्ही मला संपूर्ण नवीन होते. मुंबईबद्दल कोणी लिहू शकेल का? विद्यार्थ्यांना आपल्या जवळचे उदाहरण असले की विषय लवकर उमजतो.

सूक्ष्मदर्शी

मुंबईचे काम माझ्या विषयाच्या अगदी जवळचे आहे, त्यामुळे आनंदाने लिहितो.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. ते विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे ऊतींच्या काचपट्ट्या तपासणारे. पण कर्करोग शरीरात नेमका कुठे उगवतो आणि रुग्ण कोणत्या प्रांतातला, कोणत्या सवयींचा, हे दोन्ही प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून बसणाऱ्यांच्या त्वचेवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतातील चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगाच्या आणखी तीन प्रकारांवर निबंध प्रसिद्ध केला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग हा त्यांपैकी एक.

तोंडाच्या कर्करोगाबद्दल दक्षिणेतही काम झाले होते. १९३३ साली दक्षिण त्रावणकोरमधील पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर ऑर यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. त्यानंतरचा मोठा टप्पा १९५५ चा. सांघवी, राव आणि खानोलकर यांनी घसा आणि अन्ननलिकेपर्यंतच्या वरच्या अन्नमार्गातील कर्करोगाचे रुग्ण आणि इतर व्यक्ती यांची तुलना करून तो निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू चघळण्याचा संबंध प्रामुख्याने तोंडातील कर्करोगाशी आणि विडी ओढण्याचा संबंध जिभेच्या मुळाशी व घशात होणाऱ्या कर्करोगाशी दिसून आला. तंबाखू एकच, पण ती जिथे टेकते किंवा जिथून तिचा धूर जातो तिथे रोग उगवतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण केवळ सिगारेट ओढणाऱ्या समाजात मिळणेच शक्य नव्हते. आपल्याकडील वर्गांत लंडनच्या अभ्यासाइतकाच हा अभ्यासही शिकवला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मृत्यूनोंदींचा प्रश्न आपल्याकडे अधिक कठीण आहे, कारण आजही भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण एक पंचमांशांचेच कारण वैद्यकीय प्रमाणपत्रावर असते. केवळ मृतांवर विसंबून राहणे इथे शक्य नाही, म्हणून जिवंत रुग्णांची नोंद करणारी यंत्रणा उभी करावी लागली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, आणि ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शीत रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येईल अशी वाट पाहणे व्यर्थ होते. नोंदणीच्या कार्यकर्त्यांना गावोगावी जाऊन लोकांना लक्षणे समजावून सांगावी लागली आणि रुग्णांना तपासणीपर्यंत आणावे लागले.

वैशाख यांनी सांगितलेल्या १९२६ च्या निष्कर्षाचा पडसादही मुंबईच्या आकड्यांत उमटला. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा दर शहरातील इतर समाजांपेक्षा जास्त आढळला. त्या समाजात विवाह उशिरा होतात आणि अपत्ये कमी असतात. मात्र त्या समाजात वृद्धांचे प्रमाणही अधिक आहे, म्हणून वयाचा फरक काढून टाकलेले दरच तुलनेला घ्यावेत. शिवाय समाजांतर्गत विवाहांमुळे आनुवंशिकतेचाही प्रश्न उरतोच.

अनुबंध

ऋतुगंधाताई, वर्गासाठी एक छोटे गणित सुचवतो, कारण आकडे स्वतः हाताळले की ही पद्धत पक्की बसते. डॉल आणि हिल यांच्या १९५० च्या निबंधात फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे २ होते, आणि तुलनागटातील ६४९ पुरुषांपैकी २७. धूम्रपान करणारा म्हणजे निदान वर्षभर रोज एक तरी सिगारेट ओढलेला, अशी त्यांची व्याख्या होती. म्हणजे धूम्रपान करणारे अनुक्रमे ६४७ आणि ६२२. ६४७ ला २७ ने गुणून, २ आणि ६२२ यांच्या गुणाकाराने भागले की विषम गुणोत्तर (ऑड्स रेशो, म्हणजे धूम्रपान करणारे आणि न करणारे यांचे रुग्णांतील प्रमाण तुलनागटातील प्रमाणाच्या किती पट आहे ते) साधारण १४ येते.

हा आकडा काढून झाल्यावर विद्यार्थ्यांना २ च्या जागी ४ घालून गणित पुन्हा करायला सांगा. उत्तर निम्म्याच्याही किंचित खाली येईल, आणि केवळ दोन माणसांवर उभ्या असलेल्या गुणोत्तरावर किती भार टाकावा, हा प्रश्न त्यांच्या आपणच लक्षात येईल. मग रोज किती सिगारेटी ओढल्या जात होत्या त्यानुसार केलेले त्याच निबंधातील वर्गीकरण त्यांच्यापुढे ठेवा. दोन्ही गटांतील फरक तिथे सिगारेटींच्या संख्येबरोबर वाढत जातो, आणि तो पुरावा दोन माणसांवर अवलंबून नाही.